दिसले आणि दाखविले : अरण्यप्रवासाच्या लेखनाविषयी काही विचार

प्रवासवर्णन हा मराठीतील एक संपन्न वाङ्मयप्रकार आहे असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. आणि विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचे स्मरण केले म्हणजे ती निराधार आहे असे कोणासही म्हणता येणार नाही. या प्रकारास अलीकडे एक नवी शाखा फुटली आहे. ताडोबा, पेंच, मेळघाट अथवा नागझिरा येथे दोन-तीन दिवस जावे, गाईड बरोबर घेऊन उघड्या जीपमधून अरण्य पाहावे, आणि घरी परतल्यावर त्याचे वर्णन लिहावे, असा या शाखेचा परिपाठ आहे. असे लेख आता इतके विपुल झाले आहेत की त्यांचा नुसता गौरव करीत बसण्यापेक्षा त्यांची परीक्षा करणे अधिक उपयोगाचे होईल.

या लेखांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, त्यांत वाघावाचून दुसरे काही नसते. आक्षेप खरा आहे, पण तो वरवरचा आहे. वाघ पाहावयास गेलेल्या माणसाने वाघाविषयी लिहावे, यात गैर ते काय? मूळ दोष निराळा असून तो भाषेत दडलेला आहे. या लेखांतील क्रियापदे पाहावीत. 'वाघ दिसला', 'अस्वलाचे ठसे दिसले', 'वानराची हाक ऐकू आली', 'नाल्यात सांबर उभे असल्याचे ध्यानात आले'. मराठीतील 'दिसणे' हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. त्यात पाहणारास कष्ट नाहीत आणि दाखविणारास जागा नाही. वस्तुतः या गोष्टी बहुधा आपोआप दिसलेल्या नसतात. कोणीतरी त्या दाखविलेल्या असतात. ज्याने दाखविल्या तो माणूस लेखातून नाहीसा झालेला असतो. माझ्या मते या लेखनाचा मुख्य दोष तो हाच.

हा दोष आजचा नाही. त्याचे एक जुने उदाहरण आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या जवळचेच आहे. येथून सुमारे १०० किलोमीटरवर, वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. १८१९ साली मद्रासच्या फौजेतील जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी या रानात वाघाच्या शिकारीस आला असता त्यास ही लेणी 'दिसली', आणि त्याने १० क्रमांकाच्या लेण्यात आपले नाव व तारीख कोरून ठेविली. एका गुराखी मुलाने त्यास वाट दाखविली अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. भोवतालच्या रानात वावरणाऱ्या लोकांस ही स्थळे अज्ञात असतील असे संभवतही नाही. तथापि आज प्रत्येक माहितीपुस्तकात स्मिथचे नाव आहे आणि त्या मुलाचे नाव कोठेही नाही. अरण्यात माणसे नेणारा आणि अरण्याविषयी लिहिणारा यांचा संबंध कसा असतो, हे एवढ्या एका गोष्टीवरून ध्यानात यावे.

येथे परीक्षकाने स्वतःस वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात आम्ही काही प्राध्यापक मंडळी ताडोब्यास गेलो होतो. पहाटेच्या फेरीस आमच्याबरोबर जवळच्याच गावातील एक तरुण गाईड होता. एका वळणावर त्याने एकाएकी हात वर करून गाडी थांबविली. आम्हांस काहीच कळेना. तो म्हणाला, "वानर ओरडलं." आम्ही कान दिले, तेव्हा पाखरांच्या कलकलाटातून तो तुटक, खोकल्यासारखा आवाज आम्हांस निराळा काढता आला. मग त्याने डावीकडे बोट केले. चितळांचा एक कळप चरावयाचा थांबला होता. सर्वांची तोंडे एकाच दिशेस होती, आणि पुढची मादी एक पाय उचलून पुन्हापुन्हा जमिनीवर आपटीत होती. झाडावरच्या वानरास दूरचे दिसते, खालच्या चितळास वास लागतो, आणि दोघे एकमेकांच्या इशाऱ्यावर जगतात, हे त्याने दोन वाक्यांत सांगितले. आम्ही वीस मिनिटे थांबलो. वाघ आला नाही. मंडळी कुरकुरू लागली, आणि त्याने ओशाळल्यासारखे होऊन गाडी पुढे घ्यावयास सांगितले. वाटेत त्याने मोहाखाली पहाटे फुले खाऊन गेलेल्या अस्वलाची खूण दाखविली व ऐनाची भेगाळलेली साल दाखविली; परंतु आमचे लक्ष उडाले होते.

परत आल्यावर मी या सहलीवर एक लेख लिहिला व तो छापूनही आला. त्यात मी लिहिले, 'इतक्यात वानराची हाक ऐकू आली आणि आम्ही सावध झालो.' माझ्या वर्गातील चंद्रपूरकडील एका विद्यार्थ्याने तो वाचून विचारले, "सर, ती हाक तुम्ही ओळखलीत?" प्रश्नात खोच नव्हती, कौतुकच होते, म्हणूनच तो मला अधिक लागला. माझे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते, पण ते खरे नव्हते. हाक मी ओळखली नव्हती. किंबहुना ती हाक आहे हेच मला ठाऊक नव्हते. आणि ज्याने ती ओळखली त्याचे नाव आठवू गेलो, तेव्हा ते मी विचारलेच नव्हते असे ध्यानात आले.

कोणी म्हणेल, हा शिष्टाचाराचा प्रश्न झाला. वाङ्मयाचा त्याशी संबंध काय? संबंध असा की, दाखविणारा वगळला म्हणजे लेखातील सर्वांत नाट्यमय भाग वगळला जातो. अज्ञानातून ज्ञानात येण्याचा तो क्षण, कलकलाटातून एक आवाज वेगळा निघण्याचा तो क्षण, हाच प्रवासवर्णनाचा प्राण होय. लेखक सर्व काही आधीपासून जाणत होता असा आव आणला की हा प्राण जातो, आणि उरतात ती केवळ विशेषणे. आपली अरण्यवर्णने 'घनदाट', 'गूढ', 'निबिड' या शब्दांनी का भरलेली असतात, याचे उत्तर मला येथे सापडते. ज्यास झाडाचे नाव ठाऊक नाही त्यास अरण्य निबिडच वाटणार.

याउलट ज्या लेखकांनी दाखविणारास जागा दिली, त्यांची पुस्तके टिकली आहेत. आल्फ्रेड वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचा मलाय द्वीपसमूहावरील ग्रंथ १८६९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्याबरोबर अली नावाचा एक मलायी तरुण होता. १८५८ साली बाचान बेटावर एक अपूर्व स्वर्गपक्षी प्रथम हाती आला तो अलीच्या, आणि वॉलेसने ते आपल्या ग्रंथात स्पष्टपणे सांगितले आहे. पुढे शास्त्रात त्या पक्ष्यास नाव मिळाले ते वॉलेसचेच. तथापि ग्रंथाने सत्य राखले. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने अलीचे छायाचित्रही छापले. वॉलेस आपल्या काळाच्या पूर्वग्रहांपासून सर्वस्वी मुक्त होता असे नव्हे. परंतु आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहिले हे तो विसरला नाही.

मराठीत हे ऋण मानणारे थोर लेखक म्हणजे मारुती चितमपल्ली. २०२५ साली ते निवर्तले. वनखात्याच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या या अधिकाऱ्यास पुस्तकी विद्येची उणीव नव्हती. तरीही नवेगावबांधच्या माधवराव पाटलांकडून व तेथील ढीवरांकडून आपण काय शिकलो, हे त्यांनी शिष्यभावाने सांगितले. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीस 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसाहतीस 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीस दिले. एका बाजूस संस्कृत आणि दुसऱ्या बाजूस रानातील माणसाची बोली, अशा दोन्ही हातांनी शब्द गोळा करणारा लेखक आपल्याकडे दुर्मीळच. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' हे पुस्तकही मला याच कारणाने मोलाचे वाटते. तेथे घाई नाही. मुक्काम आहे, आणि न दिसलेल्या गोष्टीची कबुली देण्याइतका धीर आहे.

तथापि उलट टोकासही जाऊ नये. हल्ली काही लेखक गाईडचा उल्लेख करतात तो 'वनपुत्र', 'निसर्गाचे लेकरू' अशा शब्दांत. हेही एक प्रकारचे वगळणेच आहे. तो तरुण शिकलेला असतो, त्यास घरखर्चाची काळजी असते, पावसाळ्यात गाभ्याचे जंगल बंद झाले की उत्पन्नाची विवंचना असते. त्याचे सांगणे कधी पाठ केलेले असते हेही खरे. पण ते तसे होण्यास आपणही कारण आहोत. सहा पर्यटकांनी गाडीत बसताक्षणी 'वाघ कोठे आहे?' एवढेच विचारावे, आणि वाघ दिसला तरच बक्षिसी द्यावी, असे वर्षानुवर्षे चालले, तर ऐनाच्या सालीविषयी सांगण्याचे त्यास प्रयोजन काय? न विचारलेली विद्या हळूहळू विसरली जाते. ताडोब्याच्या गाभ्यातील काही गावे बाहेर हलविली गेली आहेत. त्या गावांतील वृद्धांस ठाऊक असलेली झाडांची, नाल्यांची, हाकांची नावे त्यांच्या नातवांच्या तोंडी किती उरतील, हा प्रश्न आपल्या भाषेच्याही नफा-नुकसानीचा आहे. २०१८ साली ताडोब्यात पर्यटकांस भ्रमणध्वनी नेण्यास बंदी झाली. हात मोकळे झाले ते बरेच झाले. आता कानही मोकळे व्हावेत.

म्हणून अरण्यप्रवासाचा लेख पुढे आला की मी त्यास तीन प्रश्न विचारतो. यात दाखविणारा कोण आहे? लेखकाने प्रथम चुकीचे काय पाहिले? आणि दाखविणाराचे शब्द त्याच्याच तोंडचे राहिले आहेत काय? माझा स्वतःचा लेख या तिन्ही कसोट्यांस उतरला नाही. त्याचे पुनर्मुद्रण करण्याचा प्रसंग आलाच, तर त्यात एक क्रियापद बदलावे लागेल आणि एक नाव घालावे लागेल. क्रियापद माझ्या हातात आहे. नावासाठी मला पुन्हा ताडोब्यास जाणे प्राप्त आहे, आणि येत्या उन्हाळ्यात मी जाणार आहे. अजिंठ्याच्या त्या गुराखी मुलाचे नाव आता कोणासही सांगता येणार नाही. पण हे दुसरे नाव विचारावयास अजून उशीर झालेला नाही.