बूल यांचा निअँडर्थल : एका प्रबंधाचे पुनर्वाचन

मानवाच्या आदिम उत्पत्तीविषयीचा संकोच केवळ सामान्य जनांत असतो, विद्वज्जन त्यापासून अलिप्त राहतात, अशी एक समजूत रूढ आहे. मार्सेलँ बूल यांचा १९११ ते १९१३ या काळात प्रसिद्ध झालेला प्रबंध वाचला म्हणजे ती फारशी टिकत नाही.

१९०८ साली फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथील गुहेत एका प्रौढ निअँडर्थल पुरुषाचा बहुतांशी अखंड सांगाडा सापडला. पॅरिस येथे बूल यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास केला. वर्णनातील चिकाटी हा या प्रबंधाचा निर्विवाद गुण होय. परंतु त्यातून उभी राहणारी आकृती गुडघ्यांत वाकलेली, मान पुढे झुकलेली, पायाचा अंगठा वानराप्रमाणे बाजूला वळलेली अशी आहे. कवटीची धारकता सुमारे १६०० घनसेंटिमीटर, म्हणजे आजच्या मानवाच्या सरासरीहून अधिक, हे त्यांनीच नोंदविले; तथापि मेंदूची घडण कनिष्ठ ठरवून त्यांनी तो पुरावा निष्प्रभ केला.

१९५७ साली स्ट्राउस व केव्ह यांनी सांगाड्याची फेरतपासणी करून त्यातील संधिवाताकडे लक्ष वेधले. तेव्हापासून दोषाचे खापर रोगावर फोडण्याचा प्रघात पडला. पण ही सबब अपुरी आहे. संधिवाताच्या खुणा बूल यांनाही दिसल्या होत्या. आणि त्या रोगाने या चुकांचा उलगडा होत नाही, हे ट्रिंकाउस यांनी १९८५ साली दाखविले. दोष हाडांत नव्हता. हाडे वाचणाऱ्या दृष्टीत होता.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. निअँडर्थल हा आपला मुख्य पूर्वज नव्हे, हा बूल यांचा निष्कर्ष मोठ्या अंशी खरा ठरला. मात्र नाते सर्वस्वी तुटलेले नव्हते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने आफ्रिकेबाहेरील मानवसमूहांत निअँडर्थल वारशाचा अल्प अंश सिद्ध केला; भारतीयही त्यास अपवाद नाहीत.

निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून त्यामागील युक्तिवाद निर्दोष ठरत नाही, हा या प्रबंधाचा अभ्यासकाला मिळणारा खरा धडा होय. पूर्वजाला दूर लोटण्यासाठी त्याला वाकविणे जितके अशास्त्रीय, तितकेच त्याला जवळ करण्यासाठी आपल्यासारखा रंगविणेही अशास्त्रीय आहे. दोन्हींत पाहणाऱ्याचे लक्ष हाडांपेक्षा स्वतःच्या प्रतिष्ठेकडेच अधिक असते.