‘मर्यादित’ ते ‘उदयोन्मुख’ : एका शिक्षक-प्रमाणपत्राचे वाचन

टेक्सास राज्याच्या शिक्षणविषयक कायद्यात २०२१पर्यंत एका विशिष्ट मुलाला ‘मर्यादित इंग्रजी प्रावीण्य असलेला विद्यार्थी’ म्हटले जात असे. त्या वर्षी विधिमंडळाने तो शब्दप्रयोग काढला आणि ‘इमर्जंट बायलिंग्वल’, म्हणजे उदयोन्मुख द्विभाषक, हा शब्द घातला. ओफेलिया गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये ही संज्ञा मांडली होती, तेव्हा तिच्यामागे एक भूमिका होती : या मुलाला काय येत नाही यावरून त्याचे नाव ठेवू नका, त्याच्यापाशी काय आहे आणि काय येऊ घातले आहे ते पाहा. भूमिका चांगलीच आहे. पण कायद्यात नाव बदलल्याने वर्गातल्या शिक्षकाची नजर बदलते का, हा प्रश्न उरतो. ती नजर घडवण्याचे काम ज्या एका कागदावर सोपवले आहे, त्याबद्दल मला इथे लिहायचे आहे.

तो कागद म्हणजे ई.एस.एल. सप्लिमेंटल प्रमाणपत्र. ज्या शिक्षकाकडे वर्गाध्यापनाचा मूळ परवाना आहे, त्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शिकवण्यासाठी घ्यायची ही जोड-पात्रता. टेक्सासमध्ये ती एका परीक्षेवर मिळते. १५४ क्रमांकाच्या या परीक्षेत ८० बहुपर्यायी प्रश्न असतात, वेळ सुमारे पाच तास, गुण १०० ते ३०० या पट्टीवर आणि उत्तीर्ण होण्यासाठी २४०. वेगळा अभ्यासक्रम करावा लागत नाही, सराव-पाठ घ्यावे लागत नाहीत, अशा एकाही मुलाशेजारी बसल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. मी ही परीक्षा दिली आहे. माझ्यासारख्या, भारतातून बी.एड. करून इकडे आलेल्या बऱ्याच मराठी बायकांनी ती दिली आहे. २०१५मध्ये काही एच-४ व्हिसाधारकांना काम करण्याची मुभा मिळाल्यावर शाळेच्या दारातून आत जायची ती एक ओळखीची पायरी झाली. त्यामुळे आपल्या मंडळींत तिची चर्चा होते ती ‘कुठले पुस्तक वाचलेस’ आणि ‘किती दिवसांत झाली’ एवढीच. तिच्यात काय लिहिले आहे, ती कोणत्या मुलाची कल्पना करते, हे कुणी विचारत नाही. साहित्यकृती वाचतो त्या पद्धतीने ही परीक्षा वाचून पाहायला हरकत नसावी.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या परीक्षेचा सूर कळत नाही. १९१८मध्ये टेक्सासने शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. १९२८ साली याच राज्यातल्या कोटुला नावाच्या गावात एक तरुण शिक्षक मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवायला आला. मुलांना इंग्रजी फारसे येत नव्हते, त्याला स्पॅनिश फारसे येत नव्हते, आणि चरित्रकार सांगतात की मैदानावरही मुलांनी इंग्रजीच बोलावे असा त्याचा कडक आग्रह असे. हा शिक्षक म्हणजे लिंडन जॉन्सन. चाळीस वर्षांनी, जानेवारी १९६८मध्ये, राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याच जॉन्सन यांनी द्विभाषिक शिक्षण कायद्यावर सही केली. कायदा मांडणारे सिनेटर राल्फ यारबरो हेही टेक्सासचेच. एकाच माणसाच्या आयुष्यात हा प्रवास झाला, यावर कुणीतरी कादंबरी लिहायला हवी होती.

दुसरा टप्पा १९७४चा. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या सुमारे १,८०० चिनी वंशाच्या मुलांना इंग्रजी येत नव्हते आणि त्यासाठी शाळेकडून कोणतीही जादा मदत मिळत नव्हती. शाळेची बाजू अशी की सगळ्यांना तीच पुस्तके, तेच शिक्षक, तीच इमारत. मग अन्याय कुठला? सर्वोच्च न्यायालयाने ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात एकमताने सांगितले की ज्या मुलाला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक देणे ही समान वागणूक नव्हे. मात्र उपाय कोणता, हे न्यायालयाने सांगितले नाही. १९८१च्या ‘कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड’ या टेक्सासमधल्याच खटल्यात एक कसोटी मिळाली : कार्यक्रमामागे विचार हवा, तो खरोखर राबवलेला हवा आणि त्याचा परिणाम दिसायला हवा. परीक्षेत हे खटले येतात आणि यायलाच हवेत. १९७०चे कॅलिफोर्नियातले ‘डायना’ प्रकरणही माहीत असायला हवे. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमत्ता इंग्रजीतून मोजून त्यांना मतिमंद ठरवले गेले होते. भाषा न येणे आणि बुद्धी नसणे यांत फरक आहे, एवढे एक वाक्य जरी ही परीक्षा देणाऱ्याच्या मनात रुजले, तरी तिचे पाच तास वसूल झाले असे मी म्हणेन.

आता परीक्षेच्या गद्याकडे येते. तिचा बहुतेक प्रश्न ही एक चिमुकली गोष्ट असते. एक शिक्षिका असते, एक वर्ग असतो, त्यात नवशिक्या पातळीवरचे एक मूल असते. मूल गप्प आहे, किंवा विज्ञानाचा उतारा त्याला कळत नाही. शिक्षिकेने काय करावे? चार पर्याय. एकात शिक्षिका कडक, एकात उदासीन, एकात ती मुलाला दुसऱ्याच कुणाकडे धाडून मोकळी होते, आणि एकात ती चित्रे दाखवते, हावभाव करते, जोडीदार देते, वाक्याचा सांगाडा फळ्यावर लिहून ठेवते. आठवडाभरात परीक्षार्थीला कळते की सर्वांत प्रेमळ पर्याय बहुधा बरोबर असतो. ही बोधकथेची शैली आहे. बोधकथेतल्या पात्राप्रमाणेच इथल्या मुलालाही भूतकाळ नसतो. ते कोणत्या लिपीत वाचते, आधीच्या शाळेत काय शिकले, घरी आजी कोणत्या भाषेत रागावते, याचा उत्तरावर क्वचितच परिणाम होतो. भाषिक पातळीचे एक विशेषण चिकटवले की पात्र तयार.

या गोष्टींचे तत्त्वज्ञान दोन माणसांकडून आले आहे. पहिले स्टीफन क्रॅशन. भाषा शिकवून येत नाही, कळेल पण किंचित वरच्या पायरीची असेल अशी भाषा कानांवर पडत राहिली की ती येते. भीती आणि संकोच हा त्या वाटेतला पडदा, असे त्यांचे म्हणणे. शिक्षकांना ते चटकन पटते, कारण ते माणुसकीचे वाटते. पण ‘किंचित वरची पायरी’ मोजायची कशी, याचे उत्तर नाही, आणि जे मोजता येत नाही ते खोटेही ठरवता येत नाही, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप मला रास्त वाटतो. गंमत अशी की १९९८मध्ये कॅलिफोर्नियात द्विभाषिक वर्ग जवळपास बंद करणारा प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा क्रॅशन त्याच्या विरोधात उभे होते. मातृभाषेत वाचायला शिकलेले मूल इंग्रजीत लवकर रुळते, हे त्यांच्या मांडणीतच होते. परीक्षेच्या तयारीच्या पुस्तकांत मात्र त्यांचा पडदा उरतो, मातृभाषेचा आग्रह मागे पडतो.

दुसरे कॅनडाचे जिम कमिन्स. १९७९मध्ये त्यांनी फरक केला तो मैदानावरची भाषा आणि पुस्तकातली भाषा यांच्यात. पहिली दोनेक वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात. या भेदावरही टीका झाली. मार्टिन-जोन्स आणि रोमेन यांनी १९८६मध्ये विचारले की शाळेची भाषा हीच ‘खोल’ भाषा कुणी ठरवली? टीकेत तथ्य आहे. तरीही वर्गात उभे राहिल्यावर कमिन्स यांचा भेद मला रोज दिसतो. सुट्टीत तोंडाचा पट्टा चालू असलेले पोर गणितात ‘टेबल’ म्हणजे कोष्टक आणि ‘व्हॉल्यूम’ म्हणजे घनफळ इथे अडते, आणि बाई म्हणतात, याला तर इंग्रजी येते, हा लक्ष देत नाही.

परीक्षेतल्या मुलाला भूतकाळ नाही असे वर म्हटले, पण त्याला एक सावली आहे, आणि ती स्पॅनिश आहे. टेक्सासमध्ये ते स्वाभाविकच आहे. अडचण अशी की या सावलीतून निघालेल्या युक्त्या सर्वांना लागू म्हणून शिकवल्या जातात. सगोत्र शब्दांचीच गोष्ट घ्या. स्पॅनिश मुलाला ‘नासिओन’वरून ‘नेशन’ सापडते. मराठी मुलाला असे गोत्र नाही. त्याच्यापाशी इंग्रजीतून उसने आलेले शब्द आहेत, त्यांतल्या काहींचे अर्थ इकडे येताना वळले आहेत. उलट त्याचे नाते शेजारच्या मेक्सिकन मुलाशीच जुळते : आपल्या ‘पगार’ या शब्दामागे पोर्तुगीज ‘पगार’ म्हणजे पैसे देणे, आणि स्पॅनिशमध्येही तोच शब्द त्याच अर्थाने, आपला ‘पाव’ आणि त्यांचा ‘पान’ हेही भाऊच. हे दोन मुलांना एकमेकांकडून शोधायला लावले तर अर्धा तास मजेत जाईल. तसा प्रश्न मात्र मला कुठे दिसला नाही.

वाचनाचे त्याहून गंभीर आहे. इंग्रजी वाचनाची पायाभरणी सुट्या ध्वनींवर होते. ‘कॅट’मध्ये किती ध्वनी, तर तीन. देवनागरी शिकून आलेल्या मुलाचे एकक अक्षर आहे. ते ‘कॅ’ आणि ‘ट’ असे दोन सांगते, आणि त्याच्या लिपीच्या हिशेबाने ते बरोबर आहे. सोनाली नाग यांच्या कन्नड वाचनावरील संशोधनात दिसते की अक्षरलिपीत शिकणाऱ्या मुलांना सुट्या ध्वनींची जाण सावकाश येते. हे माहीत नसलेली शिक्षिका त्या ‘दोन’वर फुली मारणार. तीच गोष्ट ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ची. आपण बोलताना दोन्हींचा ‘व’ करतो हे खरे, पण लिहिताना ‘व्हॅन’ आणि ‘वॉटर’ असा भेद मराठीने कधीच करून ठेवला आहे. मराठी लिहिता येणाऱ्या मुलाला तो फळ्यावर दाखवला की पाच मिनिटांत काम होते. त्यासाठी शिक्षिकेला मराठी यायची गरज नाही. मराठी नावाची लिपी असलेली एक भाषा आहे आणि मुलाला ती वाचता येते का, हे विचारायची गरज आहे.

इथे आपल्या घरांकडे वळावे लागते. मूल शाळेत घालताना घरातली भाषा कोणती, मूल कोणती भाषा बोलते, असे विचारणारा फॉर्म भरावा लागतो. इंग्रजीखेरीज काही लिहिले की चार आठवड्यांच्या आत मुलाची भाषाचाचणी. आपल्याकडे एक सल्ला तोंडोतोंडी फिरतो : ‘सरळ इंग्लिश लिही, नाहीतर वेगळ्या वर्गात बसवतील.’ पुण्यातल्या इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाच्या आईवडिलांना त्यात अपमानही वाटतो. भीतीचा बराच भाग चुकीच्या माहितीवर उभा आहे. एका पद्धतीत मूल आपल्याच वर्गात बसते आणि गणित, विज्ञान, समाजशास्त्र, भाषा हे विषय शिकवणाऱ्यांकडेच हे प्रमाणपत्र असावे लागते. दुसऱ्या पद्धतीत ते फक्त भाषेच्या शिक्षकाकडे असले तरी चालते. मदत नको असेल तर पालक लेखी नकार देऊ शकतात. पण फॉर्मवर ‘इंग्लिश’ लिहिण्याचे परिणाम वेगळे आहेत. प्राथमिक शाळेत एका इयत्तेत जिल्हाभरात एकाच भाषेची अशी २० मुले असली तर त्या भाषेतून द्विभाषिक कार्यक्रम द्यावा, असा टेक्सासचा नियम आहे. शिक्षक न मिळाल्यास जिल्हा सूट मागतो, आणि भारतीय भाषांच्या बाबतीत ती मागावी लागणार हे उघड आहे. तरी सूट मागण्यासाठीसुद्धा आधी मोजणी व्हावी लागते. शनिवार-रविवारी मराठी शाळेत आणि सोमवारी फॉर्मवर ‘इंग्लिश’ अशी घरे या मोजणीत येतच नाहीत. मराठी टिकवण्याच्या भाषणांना मी जाते तेव्हा हा फॉर्म माझ्या डोळ्यांपुढे असतो.

फ्लोरिडाने वेगळा मार्ग घेतला. १९९०मध्ये न्यायालयात झालेल्या तडजोडीनुसार तिथे भाषा शिकवणाऱ्याला ३०० तासांचे प्रशिक्षण, गणित-विज्ञानवाल्यांना ६० आणि इतरांना १८ तासांचे. तास भरले म्हणजे शिकवता आले असे नाही, हे आपल्याकडची शिक्षक-प्रशिक्षणे पाहिलेल्यांना सांगायला नको. पण ३०० तासांत निदान प्रश्न विचारायला, चुकायला, एखाद्या मुलाचे उदाहरण वर्गात मांडायला जागा असते. ८० प्रश्नांत ती नसते. जॉन्सनच्या कोटुलातल्या मुलांना कसे शिकवावे, हे टेक्सासने अखेर चार पर्यायांत बसवले, ही माझी मुख्य तक्रार आहे.

महाराष्ट्रात बसून अमेरिकेला नाके मुरडण्याचे मात्र कारण नाही. मेळघाटात कोरकू बोलणारे मूल पहिलीत मराठी पुस्तकासमोर बसते, गडचिरोलीत गोंडी बोलणारे बसते, आणि मुंबईत मराठी बोलणारे मूल इंग्रजी माध्यमात बसते; तिघेही सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या १,८०० मुलांचे भाऊबंद आहेत. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात, शक्यतो मातृभाषेतून शिकवावे, असे आहे. त्यातला ‘शक्यतो’ हा शब्दच बहुतेक वेळा वाचला जातो.

या परीक्षेच्या अभ्यासक्रमात दहा क्षमता आहेत. पहिल्या भाषेच्या रचनेविषयी. शेवटची, दहावी, मुलाच्या बाजूने उभे राहणे आणि घराला शाळेत सामावून घेणे याविषयी. तयारीची पुस्तके पहिलीपासून सुरू होतात आणि दहावीवर येईपर्यंत वाचणारा दमलेला असतो. माझ्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्यांना मी दहावीपासून मागे वाचायला सांगते. मुलाचे काय करायचे हे ठरवणाऱ्या शाळेच्या समितीत अशाच एखाद्या मुलाचे पालक सदस्य असलेच पाहिजेत, असा नियम आहे. त्या बैठकीत त्या पालकांना समजेल अशा भाषेत बोलले जाते का, दुभाषा बोलावला जातो का, कागद कोणत्या भाषेत पुढे सरकवला जातो, हे पाहून या आणि मग पहिली क्षमता उघडा, असे मी त्यांना सांगते. परीक्षेत त्याने किती गुण वाढतात ते मी मोजलेले नाही.