झाडे लावणारा आणि कोळसा पाडणारे

निसर्ग हा आपल्याकडे पोट भरलेल्यांचा विषय राहिला आहे. पाखरे, झरे, हिरवळ यांची वर्णने पाठ करून आम्ही परीक्षा दिल्या; त्या हिरवळीत डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली माझी आई कुठेच नव्हती. म्हणून फ्रेडरिक बॅक यांचा ‘झाडे लावणारा माणूस’ (१९८७) हा अर्ध्या तासाचा हाताने चितारलेला चलच्चित्रपट वर्गात दाखवताना मी सावध होतो.

प्रथम त्याचे मोल मान्य केले पाहिजे. रेडिओ-कॅनडा या सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेत काम करताना बॅक यांनी रंगीत पेन्सिलींनी सुमारे २०,००० चित्रांतून तो उभा केला. काही वर्षे त्यात गेली. १९८८ साली ऑस्कर मिळाले, हे सगळेच सांगतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे की पेन्सिलीचे ओरखडे पडद्यावर लपत नाहीत. बुफिए हा मेंढपाळ रात्री दिव्याजवळ बसून ओकच्या बिया एकेक करून निवडतो, शंभर चांगल्या बाजूला काढतो आणि झोपतो. निवडणारा हात आणि चितारणारा हात इथे एकाच जातीचे आहेत (हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो). श्रमातून सौंदर्य जन्मते असे आपण व्यासपीठावरून नेहमी म्हणतो; या प्रसंगात ते दिसते.

पण मूळ कथेत, जाँ जिओनो यांच्या १९५३ च्या लेखनातही, त्या उजाड मुलखात आणखी माणसे आहेत: लाकूड तोडून कोळसा पाडणारे. त्यांच्याविषयी निवेदक काय सांगतो? ती भांडकुदळ, मत्सरी, आत्महत्येच्या आणि वेडाच्या काठावरची माणसे. त्यांचा कोळसा गाड्यांतून शहरात जातो, पण तो विकत घेणारा कोण, काय भाव देतो, हे कुणी विचारत नाही. पुढे १९३५ साली सरकारी शिष्टमंडळ येते, रान सरकारी संरक्षणाखाली जाते, कोळसा पाडायला बंदी होते. निवेदक समाधानी आहे. त्या बंदीने कोणाची चूल विझली, याचा उल्लेखही नाही. दारिद्र्य म्हणजे जणू तिथली वाईट हवा, झाडे आली की निघून जाणारी!

रायगडात उचल घेऊन कोळसाभट्टीवर राबणारा कातकरी ज्याने पाहिला आहे, त्याला हे पचणार नाही. माझ्या आईचा कोयता रानात एकदा हिसकावून घेतला गेला. त्या दिवशी निसर्गाचे रक्षण झाले असेल. आमच्या घरी भाकरी झाली नाही.

चित्रपट संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ती जमीन कोणाची होती?” बुफिएला ते ठाऊक नाही, आणि जाणून घ्यायची त्याला गरजही वाटत नाही. आमच्याकडे खड्डा खणण्याआधी सातबारा विचारतात.

शेवटी व्हेर्गों गावात पाणी वाहू लागते, कारंजे होते. पाणी असूनही माणसाला ते शिवता येत नाही, याचा अनुभव असलेल्या समाजाने २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले. तो प्रेक्षक बॅक यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. त्याचा दोष मी त्यांना देत नाही. तो चित्रपट आपल्यातल्या कोणीतरी करायचा आहे.

त्या विद्यार्थिनीने जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर कोळसाभट्टी काढायला घेतली आहे. एका सेकंदाला बारा चित्रे धरली आहेत. आतापर्यंत चाळीस झाली. धूर अजून नीट हलत नाही.