कार्तोला : उशिरा ऐकू आलेला आवाज

सांबा म्हटला की रिओ द जानेरोचा कार्निव्हल डोळ्यांसमोर उभा राहतो. पिसांचे मुकुट, ढोल, रस्ताभर नाच. गिटार मांडीवर घेऊन हलक्या आवाजात गाणारा म्हातारा त्या चित्रात सहसा नसतो. आंजेनोर द ओलिव्हेरा ऊर्फ कार्तोला (१९०८-१९८०) याची गाणी ऐकल्यावर मात्र ते चित्र अपुरे वाटू लागते.

त्याची कथा ठरावीक पद्धतीने सांगितली जाते. अकराव्या वर्षी तो घरच्यांबरोबर मांगेइराच्या टेकडीवरील गरीब वस्तीत आला. शिक्षण प्राथमिकपुरतेच. गवंड्याच्या हाताखाली काम करताना केसांत सिमेंट जाऊ नये म्हणून टोपी घाली. त्यावरून ‘कार्तोला’, म्हणजे उंच टोपीवाला, हे नाव पडले. १९२८ साली त्याने मित्रांसह मांगेइरा ही सांबाची ‘शाळा’ स्थापन केली आणि तिला हिरवा-गुलाबी रंग दिला. पुढे तो दिसेनासा झाला. १९५६ मध्ये पत्रकार सेर्जियो पोर्तो यांना तो इपानेमात मोटारी धुताना सापडला. पहिली स्वतंत्र तबकडी निघाली १९७४ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी.

कथा खरी आहे. पण तिच्यात दया फार आणि गाणे थोडे. ती ऐकून आपण शोधणाऱ्याचे कौतुक करतो आणि रचणाऱ्याची कीव. कार्तोला कीव करण्याजोगा कलावंत नव्हता. तरुणपणी त्याची एक रचना गायक मारियो रेइस यांनी विकत घेतली, गायली फ्रान्सिस्को अल्व्हेस यांनी. कार्तोलाने तबकडीच्या विक्रीचे हक्क दिले, कर्तेपण स्वतःकडे ठेवले. गाणे विकतानाही नाव न विकणारा हा माणूस होता. १९४० मध्ये संगीत-संचालक स्टोकोव्स्की यांनी ब्राझीलचे लोकसंगीत ध्वनिमुद्रित केले, तेव्हा व्हिला-लोबोस यांनी निवडलेल्या गायक-वादकांत तो होता. म्हणजे जाणकारांना त्याची किंमत कळत होती. बाजाराला कळली नव्हती.

मला पोर्तुगीज येत नाही. गोव्यातील एका वृद्ध स्नेह्यांनी शब्द समजावून दिले आणि एक गोष्ट आवर्जून सांगितली : ही टेकडीवरची बोली नव्हे, ही नीट घासूनपुसून घेतलेली भाषा आहे. १९७६ च्या दुसऱ्या तबकडीत ‘जग हे जाते आहे’ अशा अर्थाच्या नावाचे गाणे आहे. जाते म्हटले की आपल्या कानात ओवी येते, पहाटेची माया येते. इथले जाते दळते ते माणसाची स्वप्ने. घर सोडून निघालेल्या मुलीला वडीलधारा माणूस सावध करतो. पण रागावत नाही, अडवत नाही. चालही तशीच, पायरी पायरीने उतरणारी, मध्ये बासरीला जागा देणारी. दुःख सांगायला त्याला आवाज चढवावा लागत नाही.

त्याच तबकडीतील ‘गुलाब बोलत नाहीत’ या गाण्याचा उगम पत्नी झीका हिच्या साध्या प्रश्नात आहे : इतके गुलाब कसे फुलले? घरगुती बोलण्यातून गाणे उचलणे सोपे दिसते. ते साधेपण टिकवून शोकापर्यंत नेणे अवघड. कार्तोला ते करतो.

दोष सांगायचाच तर विषयांचा परीघ लहान आहे. विरह, पश्चात्ताप, सरलेले वय. बाहेरचे जग क्वचित येते. आवाजाचा पल्लाही थोडा. पण या शब्दांना तोच आवाज हवा होता. तरुण गळ्यांनी ही गाणी अधिक गोड गायली असतील. कार्तोला गातो तेव्हा उपदेशाचा अनुभव होतो. तबकडी उशिरा निघाली हा अन्याय खराच. त्या अन्यायातून हाती आलेला आवाज मात्र दुसऱ्या कुणाचा असू शकला नसता.

तीस वर्षे मी मुलांची भाषा गुणपत्रिकेवरून जोखत आलो. मांगेइराच्या शाळेला ना फळा ना परीक्षा. प्राथमिक शिकलेल्या गवंड्याने तिथे आपल्या भाषेला जे वळण दिले, ते ऐकताना माझ्या हातातला लाल पेन्सिलीचा तुकडा मला जरा जड वाटू लागला आहे.