चौकटीबाहेरची अक्षरं

कोरियन लिपीतलं 'ग' म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्या उजव्या टोकातून खाली उतरणारी दुसरी रेघ. 'गाक्' असं लिहायचं झालं तर हेच अक्षर दोनदा येतं, एकदा वर डावीकडे आणि एकदा तळाशी. नेहमीच्या कोरियन छपाईत वरचा 'ग' अंग चोरून, पाय डावीकडे वळवून उभा असतो आणि खालचा बुटका, पसरट होतो. अख्खा उच्चार एका अदृश्य चौकोनात कोंबायचा असतो ना! कोरियन अक्षररचनाकार आन सांग-सू यांनी १९८५ साली घडवलेल्या, त्यांच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या टंकात मात्र हे दोन्ही 'ग' तंतोतंत सारखे आहेत. जाडी तीच, काटकोन तोच, मापही तेच.

या साधेपणामागे मोठा आधार आहे. कोरियाच्या राजा सेजोंगनं १४४३ मध्ये ही लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये 'हुन्मिनजोंगउम' या ग्रंथातून लोकांपुढे ठेवली. त्यात एक नियम आहे: शेवटच्या व्यंजनासाठी नवं चिन्ह नको, सुरुवातीचंच पुन्हा वापरा. व्यंजनांचे आकारही उच्चाराच्या अवयवांवरून घेतलेले. 'ग'मध्ये घशाकडे उचललेलं जिभेचं मूळ दिसतं, 'न'मध्ये टाळूला टेकलेली जीभ, 'म'मध्ये तोंड. आवाज तोच, तर त्याचं चित्र जागेप्रमाणे का बदलावं? आन यांनी सेजोंगचा नियम शब्दशः पाळला, आणि नेमका त्यामुळेच त्यांचा टंक बंडखोर ठरला.

त्यांच्याआधी ही वाट एका नेत्रतज्ज्ञानं चोखाळली होती. डॉ. गोंग ब्योंग-ऊ यांनी १९४९ मध्ये टंकलेखन यंत्र तयार केलं. त्यात सुरुवातीचं व्यंजन, स्वर आणि शेवटचं व्यंजन यांच्या कळा वेगळ्या होत्या. आजच्या कोरियनमध्ये ११,१७२ अक्षरगट शक्य आहेत. तेवढे चौकोन कुठलं यंत्र सांभाळणार? त्या यंत्राची अक्षरं खाली-वर लोंबायची. यंत्राच्या गरजेतून आलेल्या या वेडेवाकडेपणात सौंदर्य आहे, हे आन यांनी दाखवून दिलं.

त्यांच्या टंकातला 'आंग' मोठा करून पाहावा. वर एक वर्तुळ, शेजारी स्वराची उभी रेघ, खाली पुन्हा तेच वर्तुळ. वरचं वर्तुळ मुकं आहे, स्वरापुढची जागा धरून बसलेलं; खालचं 'ङ' म्हणून घुमतं. दोन्ही जणू कंपासनं काढलेली, कणभरही फरक नाही. एकच आकार वर गप्प आणि खाली बोलका! चौकोनात दाबलेल्या, चपट्या वर्तुळांत हा आनंद मिळत नाही.

ओळीचा तळही असाच मोकळा आहे. शेवटचं व्यंजन नसेल तिथली जागा रिकामीच राहते, असेल तिथे अक्षर खाली उतरतं. शिरोरेषेला लटकणारी अक्षरं वाचत वाढलेल्या मराठी डोळ्यांना ही लय फारशी परकी वाटत नाही.

लांबलचक मजकुराला हा टंक मानवत नाही, हेही सांगायला हवं. सराईत वाचक अक्षरगटाचा घट्ट आकार ओळखत पुढे सरकतो; इथे त्याला प्रत्येक अवयवापाशी थांबावं लागतं. कादंबरी यात छापू नये. भित्तिपत्रकावर, मुखपृष्ठावर, मथळ्यात मात्र हेच थांबणं हवं असतं. विक्षिप्त, प्रतिभावान कवी यी सांग यांच्या कवितांच्या अक्षररचनेवर आन यांनी प्रबंध लिहिला आणि या कवीच्या नावाचाही एक टंक घडवला. कवितेला अशी अक्षरं शोभतात.

२००७ मध्ये लाइपझिग शहराचा गुटेनबर्ग पुरस्कार आन यांना मिळाला. पुढे पाजू इथल्या पुस्तकनगरीत त्यांनी टायपोग्राफीची शाळा काढली. देवनागरीचे टंक घडवणाऱ्या आपल्या तरुणांनी हा टंक जवळून अभ्यासावा. आकाराची नक्कल करायला नव्हे, तर आपल्या लिपीचे मूळ नियम कोणते आणि निव्वळ सवयी कोणत्या, हे तपासायला.