शाश्वततेच्या अहवालात महाड कुठे शोधायचं?

पर्यावरणावर संशोधन करायचं ठरवलं की तुमच्याकडे कंपन्यांचे शाश्वतता अहवाल साठू लागतात. मुखपृष्ठावर हिरवा डोंगरउतार, आत हातात रोप धरलेली हसरी मुलं. हे अहवाल बरेचदा कंपनी एकटी लिहीत नाही. शाश्वततेबद्दलचा संवाद हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशा सल्लागार संस्था ते लिहून, सजवून देतात. फिल्म आणि समाजमाध्यमांवरच्या पोस्टही त्याच करतात. काम कसबी असतं, आकडेही बहुधा खोटे नसतात. माझी तक्रार वेगळी आहे. या लेखनातून जागा गायब होते.

महाडचंच बघा. इथल्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. त्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून सावित्रीच्या खाडीत जातं. आता इथे कारखाना असलेल्या एखाद्या मोठ्या कंपनीचा बीआरएसआर उघडा. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने तो 2022-23 पासून सक्तीचा केलाय. पाणी, ऊर्जा, कचरा सगळं त्यात विचारलेलं असतं, पण उत्तर मुख्यतः अख्ख्या कंपनीचं एकत्र येतं. त्या बेरजेतून सावित्रीच्या वाट्याचं तुम्हाला वेगळं काढता येत नाही.

त्यात पुन्हा ‘तीव्रता’ नावाचा आकडा असतो, म्हणजे उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे किती पाणी लागलं. समजा उलाढाल दुप्पट झाली आणि पाणी दीडपट. तीव्रता 25 टक्क्यांनी घटली! मथळा तयार. पाणी मात्र दीडपटच उपसलं गेलं. सल्लागाराने इथे काहीही खोटं लिहिलेलं नाही, फक्त कोणता आकडा मोठ्या अक्षरात छापायचा ते ठरवलंय. म्हणून आधी भाजक बघा, मग टक्केवारी.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो ‘पाण्याचा ताण असलेला भाग’ हा शब्दप्रयोग. अशा भागातल्या कारखान्यांचं पाणी वेगळं दाखवा, असं बीआरएसआरच्या ऐच्छिक भागात विचारलेलं आहे. आता महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वार्षिक सरासरी पाहणाऱ्याला इथे कसला ताण दिसणार? पण एप्रिल-मे मध्ये पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर टँकर चढतात. उतार तीव्र, माती पातळ, खाली बेसॉल्ट. जून ते सप्टेंबरचं पाणी खाली वाहून जातं. म्हणजे ताण आहे, पण तो महिन्यांत आहे, वर्षाच्या बेरजेत नाही. तुमच्या प्रबंधात वार्षिक सरासरी वापरणार असाल तर हीच चूक तुमचीही होईल.

आणि ‘आम्ही कटिबद्ध आहोत’ हे वाक्य? कागदावरचा शब्द आणि जमिनीवरची गोष्ट यांतलं अंतर महाडला नवं नाही. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं अस्पृश्यांना खुलं करण्याचा ठराव केला. पण त्या तळ्याचं पाणी ओंजळीत यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं चालत गेली तेव्हा. कंपनीच्या अहवालाशी त्या लढ्याची बरोबरी करायची नाहीये, तसं कुणी करूही नये. पण ठराव हा अंमलबजावणीचा पुरावा नसतो, हे समजायला यापेक्षा जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

मग माहिती कुठे मिळेल? एकेका कारखान्याचा फॉर्म पाच मागा. हे पर्यावरण विवरणपत्र दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावं लागतं. प्रकल्पाची जनसुनावणी झाली असेल तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे अहवालाचा सारांश मराठीतही असतो. तो इंग्रजी सारांशाशेजारी ठेवून वाचा. काय गाळलंय, काय मवाळ केलंय, ते बघा. संवादाचा अभ्यास करणाऱ्यांना तर तिथे अख्खा विषय सापडेल.

अर्थात, फॉर्म पाचसुद्धा कंपनीच भरते. तेव्हा पाण्याचे नमुने स्वतःही घ्या, आणि बाटलीवर तारखेसोबत भरती-ओहोटीची वेळ लिहा. सावित्रीत भरतीचं पाणी आत चढतं. त्याच ठिकाणी सहा तासांनी घेतलेला नमुना वेगळंच काहीतरी सांगतो.