‘तारे जमीन पर’ आणि महाविद्यालयाचा उंबरठा : अध्ययन अक्षमतेच्या प्रकटीकरणाचा प्रश्न
(शिरूर व दौंड परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘तारे जमीन पर’ या हिंदी चित्रपटाने अध्ययन अक्षमता हा विषय सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचविला. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या आणि आमिर खान यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे कथानक मुंबई व पाचगणी येथे घडते. त्या वेळी देशात अपंग व्यक्तींविषयीचा १९९५ चा कायदा लागू होता. त्यातील सात प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हे प्रकार २१ केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान दिले. चित्रपटाची मागणी कायद्याने बऱ्याच अंशी मान्य केली, असे म्हणता येते. परंतु चित्रपटाने एक प्रश्न अनुत्तरित ठेवला आहे. ईशान अवस्थी मोठा होऊन महाविद्यालयात आला, तर त्याची अडचण कोण ओळखणार आणि कोण सांगणार? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे चित्रपटाची चिकित्सा केली आहे.

चित्रपटातील प्रकटीकरण :
ईशानची अडचण ईशान स्वतः कधीच सांगत नाही. कलाशिक्षक राम शंकर निकुंभ त्याच्या वह्या तपासतात, मुंबईला जाऊन पालकांना समजावतात आणि मुख्याध्यापकांकडे सवलत मागतात. वर्गात ते आइन्स्टाइन, एडिसन आदींची उदाहरणे देतात. त्या वेळी ते ईशानचे नाव घेत नाहीत. इतर मुले बाहेर गेल्यावर मात्र, आपणही याच अडचणीतून गेलो आहोत, असे ते त्याला एकट्याला सांगतात. हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग होय. प्रकटीकरणासाठी विश्वास, एकांत आणि समोरच्याचा अनुभव या तीन गोष्टी लागतात, हे तेथे कोणत्याही भाष्याविना दिसते.

यानंतर मात्र चित्रपट सोपा मार्ग स्वीकारतो. निकुंभ वाळू, माती व रंग यांच्या साहाय्याने ईशानला अक्षरे शिकवितात. हे अध्ययन-साहाय्य चित्रपटात काही मिनिटांत उरकते आणि शेवट चित्रकला स्पर्धेतील विजयाने होतो. परिणामी, अक्षमतेची भरपाई असामान्य प्रतिभेने होते, असा समज प्रेक्षकाच्या मनात राहतो. ज्या विद्यार्थ्याच्या हाती कुंचला नाही आणि ज्याला केवळ पदवी पूर्ण करावयाची आहे, त्याच्यासाठी या शेवटात जागा नाही.

वयाची अठरा वर्षे :
२०१८ च्या शासकीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार या अक्षमतेची प्राथमिक चाचणी शाळेत, इयत्ता तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी होणे अपेक्षित होते. पुढे १४ व १८ व्या वर्षी पुनर्तपासणी आणि त्यानंतर आजीवन प्रमाणपत्र, असा क्रम ठरविण्यात आला. या रचनेचा पाया शाळा हाच आहे. शाळेत जो निसटला, त्याला महाविद्यालयात ओळखण्याची अशी कोणतीही ठरलेली पायरी या क्रमात दिसत नाही. चित्रपटात ओळखण्याची जबाबदारी शिक्षकावर होती. महाविद्यालयात ती विद्यार्थ्यावर येते. ज्या अडचणीचे नावच त्याला ठाऊक नाही, ती त्याने अर्जाच्या रकान्यात भरावी, अशी ही अपेक्षा आहे.

शिरूर-दौंडचा संदर्भ :
घोड नदीकाठचे शिरूर आणि रेल्वे जंक्शन असलेले दौंड ही दोन्ही तालुक्याची गावे पुणे शहरापासून ६० किलोमीटरहून अधिक दूर आहेत. शेतकरी, रेल्वे कर्मचारी आणि रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील कामगार यांची मुले येथील महाविद्यालयांत येतात. ईशानच्या घरी बोर्डिंग शाळेचे शुल्क भरण्याची ऐपत होती. येथील विद्यार्थ्याला तपासणीसाठी पुण्याला जाणे म्हणजे प्रत्येक खेपेस एक दिवस आणि पालकाची एक मजुरी गमावणे होय. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी पाठ्यपुस्तकाशी झुंजणाऱ्या वर्गात अध्ययन अक्षमता आणि भाषेची अडचण यांतील सीमारेषाही पुसट होते. दोघांनाही ‘कच्चा विद्यार्थी’ हे एकच विशेषण लागते. ते एकदा लागले की कोणाचीही तपासणी होत नाही.

या पार्श्वभूमीवर विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा निर्णय महत्त्वाचा ठरतो. लेखनिकाची सोय किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही आणि सोय व्यक्तीच्या गरजेनुसार ठरली पाहिजे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. विद्यापीठीय परीक्षेतील सवलतीसाठी प्रमाणपत्र लागेल. परंतु वर्गातील साहाय्यासाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. उतारा मोठ्याने वाचून दाखविणे, टिपणे आधी देणे, अंतर्गत मूल्यमापनात तोंडी उत्तराचा पर्याय ठेवणे, या बाबी प्राध्यापकाच्याच हातातल्या आहेत.

समारोप :
मूल्यांकनाच्या प्रस्तावात उतरंडीचे छायाचित्र जोडले की दिव्यांगस्नेही परिसराची नोंद करता येते. अध्ययन अक्षमतेचे मात्र छायाचित्र निघत नाही. तिच्यासाठी विचारणारा माणूस लागतो. प्रवेशाच्या रांगेत, सर्वांसमोर ‘अपंगत्व आहे का?’ असे विचारल्यास ‘नाही’ हेच उत्तर येणार. प्रवेशानंतर काही आठवड्यांनी, एकांतात, ‘वाचताना किंवा लिहिताना काय अडते?’ असा प्रश्न मार्गदर्शक शिक्षकाने केल्यास उत्तर वेगळे येऊ शकते. मिळालेली माहिती सूचनाफलकावर अथवा कर्मचारी कक्षातील चर्चेत जाणार नाही, याची हमी मात्र आधी द्यावी लागेल. ‘तारे जमीन पर’चे मोल त्यातील पारितोषिकात नसून रिकाम्या वर्गातील त्या संवादात आहे. तसा संवाद घडविणे तालुक्याच्या महाविद्यालयालाही अशक्य नाही. त्यासाठी निधीपूर्वी शिक्षकाचा थोडा वेळ खर्ची पडला पाहिजे.